रुथवेलचा क्रूस

स्कॉटलंडमधील डम्फ्रिसशर परगण्यातल्या रुथवेल गावच्या चर्चमध्ये असलेला कोरीव दगडी क्रूस. काळ साधारणतः इ. स. आठव्या शतकाचा पूर्वार्ध. तेव्हा हा मुलूख नॉर्थम्ब्रिया या अँग्लो-सॅक्सन राज्यात होता. उंची सुमारे साडेपाच मीटर.

रुंद बाजूंवर ख्रिस्तचरित्रातील आणि संतकथांमधील प्रसंग कोरलेले आहेत : ख्रिस्ताचे पाय केसांनी पुसणारी स्त्री, अंधाला मिळालेली दृष्टी, अरण्यात एकच पाव वाटून घेणारे पॉल व अँटनी हे तपस्वी. सर्वांत प्रभावी शिल्प दोन पशूंवर उभ्या ख्रिस्ताचे. हे पशू तुडवले गेलेले नाहीत. अरण्यात त्यांनी तारणहाराला ओळखले, असे कडेचा लॅटिन लेख सांगतो. अरुंद बाजूंवर द्राक्षवेल असून तिची फळे पशुपक्षी खात आहेत. वेलीच्या कडेने रून लिपीत जुन्या इंग्रजीतील काव्यपंक्ती आहेत. त्यांत क्रूस स्वतः बोलतो, ख्रिस्ताचा भार अंगावर पेलल्याची व्यथा सांगतो. ‘द ड्रीम ऑफ द रूड’ या काव्याशी त्यांचे नाते जॉन मिचेल केंबल यांनी १८४० च्या सुमारास ओळखले. ते काव्य इटलीतील व्हर्चेल्ली येथल्या दहाव्या शतकाच्या हस्तलिखितात आहे. क्रूसावरील पंक्ती त्याहून सुमारे अडीच शतके जुन्या मानल्या जातात.

स्कॉटिश चर्चच्या महासभेने १६४० मध्ये मूर्तिपूजेच्या खुणा हटवण्याचा ठराव केला आणि १६४२ मध्ये क्रूस पाडून फोडण्यात आला. काही तुकडे चर्चमध्येच राहिले, त्यांचा बसण्यासाठीही वापर झाला. पुढे ते बाहेर, दफनभूमीत उघड्यावर पडले. या हेळसांडीत अक्षरे झिजली. गावचे धर्मोपदेशक हेन्री डंकन यांनी तुकडे गोळा करून आपल्या निवासाच्या बागेत क्रूस उभा केला. आडवी भुजा सापडली नव्हती. ती त्यांनी १८२३ मध्ये नवी घडवून बसवली. बचत बँकेच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक म्हणून ओळखले जाणारे डंकन हेच. त्यांच्याविना हा क्रूस उरला नसता, हे निर्विवाद. मात्र नव्या भुजेवरील नक्षीला मूळ शिल्पाचा आधार नाही आणि माथ्याचा दगडही उलटा, मागची बाजू पुढे करून बसवला गेला. अभ्यासकाने हा भाग वगळूनच मूळ रचनेचा विचार करावा.

१८८७ मध्ये क्रूस चर्चच्या आत आणला. छताला उंची पुरेना, म्हणून जमीन खोल खणून त्याचा पाया त्या खड्ड्यात घेतला आहे. नष्ट झालेली काही अक्षरे आज केवळ अठराव्या शतकातील रेखाटनांतच वाचता येतात.