कुंडलच्या माळावरचा लोखंडी नांगर

1907 साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर सुमारे दहा लाख परदेशी माणसं उतरली. त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतली तरणी माणसं मुंबईची वाट धरत होती, कुणी गिरणीत, कुणी गोदीत. गावकीच्या खोलीत वळकटी टाकायची, खाणावळीत जेवायचं, पेरणीला गावी यायचं आणि मनिऑर्डर चुकवायची नाही. अमेरिकेत गेलेले बरेच इटालियन आणि पोलिश मजूर तिथलेच झाले. साताऱ्याचा माणूस मुंबईत राबूनही निम्मा गावातच राहिला. खुद्द जिल्ह्यात गिरणीचा भोंगा वाजला नाही. इथे यंत्रयुग आलं ते नांगराच्या फाळाला धरून.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म 1869) बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले; रंग नीट ओळखता येत नाहीत असं कळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियनाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं. यंत्रविद्येची पदवी नव्हती. अमेरिकी तांत्रिक मासिकं वाचायची आणि हाताने करून पाहायचं, हीच त्यांची शाळा. कडबा तोडायचं यंत्र झालं, मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. अमेरिकेत जॉन डीयरने 1837 मध्ये पोलादी नांगर केला तेव्हा इलिनॉयच्या चिकट मातीने लाकूड-बिडाचे नांगर आधीच हरवले होते. गरज पुढे धावत होती. इथे मात्र माल आधी आणि मागणी नंतर, असा उलटा प्रवास होता.

1910 मध्ये बेळगावची जागा नगरपालिकेसाठी सोडावी लागली. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच गादीवर आले होते. त्यांचं संस्थान म्हणजे सातारा-विजापूरकडे विखुरलेले तुकडे. त्यांतल्या कुंडलजवळच्या माळावर, रेल्वे स्टेशनाला लागून, त्यांनी 32 एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज. निवडुंग आणि साप एवढीच तिथली वस्ती. 10 मार्च 1910 रोजी पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबं यांच्यासह किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता.

कारखानदाराने गाव वसवावं, हा प्रकार अमेरिकेत झाला होता आणि फसलाही होता. शिकागोजवळ जॉर्ज पुलमनने रेल्वेडबे बांधणाऱ्या कामगारांसाठी नमुनेदार गाव उभारलं. 1893 च्या मंदीत त्याने मजुरी कापली, घरभाडं मात्र तेच ठेवलं. 1894 मध्ये संप पेटला आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने सैन्य पाठवलं. किर्लोस्करवाडीतही घरं मालकाची आणि नियमही मालकाचेच. पण त्यांतला एक नियम असा, की वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही. तुरुंगवास भोगून आलेली माणसं लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमली. मालक भला म्हणून कारभार भला, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. कामगाराच्या हाती त्याची हमी नव्हती.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले, तसंच बीडही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. 1916 मध्ये औंध संस्थानच्याच हद्दीत, कराडजवळ, ओगल्यांचा काचकारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घरोघरी गेला.

अमेरिका प्रत्यक्ष पाहिलेली माणसंही या मुलखातून गेली. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत नाव घातलेला भीमराव आंबेडकर 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या वर्गात बसला. लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव 1922 साली बोस्टनकडे निघाला, तोवर दार जवळजवळ लागलं होतं: 1917 च्या कायद्याने हिंदी मजुराला अमेरिकेत मज्जाव होता, विद्यार्थ्याला तेवढी सूट. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिकत्वासाठी ‘गोरा’ ठरत नाही असा निकाल दिला. शंतनुराव 1926 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन परतले.

जो अमेरिकेला कधी गेला नाही, त्याने मात्र तिथल्यासारखंच काम इथे उभं केलं. भाऊराव पाटील हे कुंभोजचे जैन शेतकरी कुटुंबातले. कधी ओगल्यांची काच, कधी किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. नांगर घ्यायला बसलेल्या शेतकऱ्याला आकडेही वाचता येत नाहीत, हे अशा विक्रेत्याइतकं जवळून कुणाला दिसणार? 1919 मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत, स्वयंपाक, सरपण, शेती स्वतः करत. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं.

अलाबामात बुकर टी. वॉशिंग्टनने 1881 पासून टस्कीगी इथे काळ्या विद्यार्थ्यांकडून विटा भाजून घेऊन इमारती उभ्या केल्या होत्या. भाऊरावांना त्याची उपमा देतात आणि ती बरीचशी लागू पडते. पण श्रमाचं कौतुक करताना कोण राबतं आणि कोण राबत नाही, हेही पाहावं लागतं: वकिलाच्या मुलाला शाळेसाठी खोरं उचलावं लागत नव्हतं. काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांनी 1903 मध्ये वॉशिंग्टनवर आक्षेप घेतला तो असाच, की हातकामाच्या शिक्षणावर समाधान मानलं तर उच्च शिक्षण आणि हक्क दोन्ही मागे पडतात.

साताऱ्यात तसं झालं नाही. 1940 मध्ये ‘कमवा आणि शिका’ तत्त्वावर महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, आणि 1947 मध्ये भाऊरावांनी साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं. दिवसा शेतावर आणि बांधकामावर राबणारी मुलं तिथे पदवीच्या वर्गात बसू लागली.