साठीनंतरची शर्यत

शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पातूरचा घाट चढून मेडशीला येते, तेव्हा वाशीम जिल्हा पेरणीच्या घाईत असतो. मेडशी, शिरपूर जैन, रिसोड असं करत ती पुढे सेनगावकडे जाते. पंढरपूरपर्यंतचं अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाट जवळपास महिन्याभराची. या वाटेवर साठी ओलांडलेला माणूस चालताना दिसला तर कुणी थबकून पाहत नाही. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला पायी येणाऱ्या बंजारा भाविकांचंही तसंच. म्हातारपणी लांबचा पल्ला पायी गाठणं वऱ्हाडाच्या अंगवळणी पडलेलं आहे.

धावणं मात्र पोरांचं मानलं गेलं. आधी ते तालमीत होतं, मग शाळेच्या मैदानावर आणि पोलीस किंवा सैन्य भरतीच्या तयारीत. नोकरी लागली, लग्न झालं, की धावणं सुटलं. वडीलधाऱ्यांनी चालायचं आणि पोरांनी धावायचं, ही वाटणी कुणी लिहून ठेवलेली नव्हती, तरी ती पक्की होती.

मराठी मुलखात मॅरेथॉनची गोष्ट सुरू झाली तीही तरुणांपासूनच. 1919 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा चकित झाले. शास्त्रशुद्ध शिक्षण नसतानाही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. त्यातूनच 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले यांनी तिथली 42.75 किलोमीटरची मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. 42.195 किलोमीटर हे अंतर कायमचं ठरलं ते त्यानंतर, 1921 मध्ये.

प्रौढांसाठी दार उघडलं ते फार उशिरा. 1975 मध्ये टोरांटोला प्रौढ खेळाडूंची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पस्तिशीनंतर दर पाच वर्षांचा एक गट करायचा, म्हणजे पासष्टीच्या माणसाला पंचविशीच्या पोराशी झुंजावं लागत नाही, ही पद्धत अशा स्पर्धांनी रुजवली. महाराष्ट्रात पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 मध्ये सुरू झाली आणि मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये. मुंबईने ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी, कमी अंतराची दौड ठेवली. एवढ्याशा सोयीने केवढा फरक पडला! दौडीत आजोबा-आजी धावताना दिसू लागले, तशी घरातली हरकतही हळूहळू मावळली.

तरीही वऱ्हाडाला आपलं म्हणता येईल असं नाव मोठ्या शहरातल्या दौडीतून आलं नाही. लता भगवान करे मूळच्या वाशीमला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोटासाठी कुटुंब बारामतीकडे गेलं आणि तिथे त्या शेतात मजुरी करत. पती भगवान आजारी पडले. एमआरआय काढायचा, तर हातात पैसा नाही. 2013 च्या अखेरीस बारामतीत ज्येष्ठांची तीन किलोमीटरची दौड होती, बक्षीस पाच हजार रुपयांचं. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढेही त्या तिथे पुन्हा जिंकल्या. त्यांच्या आयुष्यावर त्यांच्याच नावाचा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि 67 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली.

या धावेचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. उपचाराचा खर्च भागवायला म्हाताऱ्या बाईला शर्यत जिंकावी लागते, ही अभिमानाची बाब नव्हे. अभिमान वाटावा तो त्या पायांचा. शेतातल्या कामाने ते आधीच तयार केले होते.

लताबाईंचं वय वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं छापून आलं आहे. पंजाबचे फौजा सिंग यांचंही असंच झालं. पत्नी आणि मुलगा गेल्यावर ऐंशी ओलांडून ते धावायला लागले आणि 2000 मध्ये 89 व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन पुरी केली. 2011 मध्ये त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा पासपोर्टप्रमाणे ते शंभर वर्षांचे होते. पण जन्मदाखला नाही म्हणून गिनीजने विक्रम नोंदवला नाही. खेड्यातल्या त्या पिढीतल्या कितीतरी जणांकडे असा दाखला नाही. वयोगटाची शर्यत त्यांच्यासाठी नोंदणीच्या टेबलापाशीच अडते.

उशिरा धावायला लागण्यात शरीराची अडचण आहेच. तिशीनंतर फुप्फुसं, हृदय आणि स्नायूंची एकत्रित प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात सुमारे दहा टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा वेग कमी राहतो. हृदयाला आणि स्नायूंना सराव लवकर मानवतो, सांधे आणि स्नायुबंध मागे राहतात. म्हणून चाल आणि धाव आलटून पालटून, महिनोन्महिने वाढवत नेणं हाच खात्रीचा मार्ग. ज्याने पालखीबरोबर रिसोडपर्यंतचा रस्ता तुडवला आहे, त्याची निम्मी तयारी झालेली असते.

वाशीम, कारंजा, रिसोडला दौडी भरवणाऱ्यांनी एवढं करावं: साठ, पासष्ट आणि सत्तरीपुढचे गट वेगळे ठेवावेत, दाखल्याऐवजी आधारकार्ड चालवावं, ऊन चढायच्या आत शर्यत संपवावी आणि धावण्याआधी रक्तदाब तपासणारा डॉक्टर तिथे बसवावा. बायकांना नऊवारीत धावायचं असेल तर धावू द्यावं.