हेच हेची : एका बुडालेल्या दरीची हकीकत

'हेच हेची' हे नाव प्रथम कानांवर पडले की मराठी माणसाला हसू येते. ही अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली एक दरी आहे. तेथील मिवोक लोकांच्या भाषेत खाण्याजोगे बी देणाऱ्या एका गवतावरून हे नाव पडले, असे सांगतात. टुऑलमी नदी ह्या दरीतून वाहत असे. 'असे' म्हणतो, कारण गेली शंभर वर्षे ही दरी पाण्याखाली आहे.

हकीकत सुरू होते ती शेजारच्या योसेमिटी दरीपासून. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना, ३० जून १८६४ रोजी, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. योसेमिटी दरी आणि मारिपोसा येथील महावृक्षांची राई राज्याच्या हवाली करावी, ती लोकांच्या उपयोगासाठी व विसाव्यासाठी राखावी, कधीही विकू नये, असा त्याचा आशय. त्या दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांवर १८५१ सालीच बंदुका घेतलेली पलटण चालून गेली होती. कायद्यातल्या 'लोक' ह्या शब्दात ते धरलेले नव्हते, हेही येथेच सांगून ठेवतो. पुढे १८९० साली भोवतालच्या अरण्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच्या सीमेत हेच हेची आली.

सान फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे होते. शहराचा पाणीपुरवठा एका खाजगी कंपनीच्या मुठीत होता आणि नागरिक तिला विटले होते. १९०१ साली महापौर जेम्स फीलन यांनी टुऑलमीच्या पाण्यावर हक्क मागितला. केंद्र सरकारने तो नाकारला. पण १८ एप्रिल १९०६ रोजी भूकंप झाला, नळ फुटले आणि आगीत शहर जळाले. मग लोकमत फिरले. १९०८ साली धरणाला परवानगी मिळाली.

विरोधात उभे राहिले जॉन म्यूर. जन्माने स्कॉटिश, स्वभावाने भटके. १८९२ साली स्थापन झालेल्या सिएरा क्लबचे ते पहिले अध्यक्ष. १९०१ पासून हा क्लब दर उन्हाळ्यात सभासदांना डोंगरात मुक्कामाला नेऊ लागला. जो त्या रानात चार रात्री झोपला, तो त्याच्यासाठी भांडेल, हा त्यामागचा हिशेब.

आता गंमत पाहा. करमणुकीचा दाखला दोन्ही पक्ष देत होते! शहराने नेमलेले अभियंते जॉन फ्रीमन यांनी १९१२ साली जाडजूड अहवाल काढला. त्यात भावी सरोवराची देखणी चित्रे होती : शांत पाणी, काठाने वळत गेलेला रस्ता. दलदलीच्या कुरणापेक्षा तलाव सुंदर आणि तो पाहायला माणसेही जास्त येतील, असा युक्तिवाद. (धरणाकाठी सहली नेणाऱ्या आपल्याला तो अगदीच परका वाटू नये.) विरोधकांपैकीही कित्येकांना तेथे रस्ते आणि हॉटेले हवीच होती. नदी नदी म्हणूनच राहू द्या, असे म्हणणारे थोडे.

म्यूर यांनी प्रतिपक्षाला देवळे पाडणाऱ्यांच्या पंक्तीला बसवले. माझ्या मते हा अन्याय होता. खाजगी कंपनीच्या तावडीतून पाणी सोडवणे हेही सार्वजनिक कार्यच. परंतु दुसऱ्या नद्याही पुरेशा आहेत, हेच हेची केवळ स्वस्त पडते, असे लष्करी अभियंत्यांच्या मंडळाने १९१३ साली सांगितले होते. दरीचे खरे दुर्दैव हे की ती पाहिलेली माणसे फार थोडी होती. सिनेटमध्ये ४३ विरुद्ध २५ मतांनी विधेयक संमत झाले. १९ डिसेंबर १९१३ रोजी अध्यक्ष विल्सन यांची सही झाली. वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ रोजी म्यूर वारले. १९२३ साली धरण उभे राहिले; शहरात पाणी पोहोचायला १९३४ उजाडले. आणि चित्रातल्या त्या सरोवरात आज नाव घालता येत नाही, पोहताही येत नाही. पाणी पिण्याचे आहे ना!

ह्या पराभवाची जखम ताजी असतानाच १९१६ चा राष्ट्रीय उद्यान सेवेचा कायदा झाला. लोकांना आनंद घेऊ द्या आणि पुढच्या पिढ्यांसाठी सारे अबाधित राखा, अशी दोन कामे त्याने एकाच खात्याच्या गळ्यात बांधली. ती एकमेकांशी भांडतात हे मोटारी वाढल्यावर कळले. एकट्या योसेमिटीत १९५४ साली दहा लाखांवर माणसे आली.

म्यूर यांचा हिशेब मात्र पुढे खरा ठरला. ग्रीन आणि याम्पा नद्यांच्या संगमाजवळ, एको पार्क येथे, धरण घाटत होते. तेव्हा डेव्हिड ब्राउअर यांच्या सिएरा क्लबने माणसांना होड्यांत बसवून त्या नद्यांतून नेले आणि हेच हेचीचा आधीचा व नंतरचा देखावा चित्रपटातून दाखवला. १९५६ साली ते धरण योजनेतून वगळले गेले. पुढे २ ऑक्टोबर १९६८ रोजी वाहत्या नद्या वाहत्या ठेवण्याचा राष्ट्रीय कायदा झाला. आरंभी त्यात आठ नद्या होत्या.

१९८४ साली टुऑलमीचे ८३ मैल त्या कायद्याखाली आले. मधले जलाशय तेवढे वगळले. आज धरणाखालच्या खडकाळ प्रवाहात हौशी लोक रबरी होड्या घालतात. उन्हाळ्यात त्यासाठी परवाना लागतो आणि होड्यांच्या संख्येवर बंधन असते. त्या दिवसांत त्यांना पुरेसे पाणी मिळते ते शहराच्या वीजघरातून सोडले जाते तेव्हा. म्हणून वीजघराची वेळ पाहूनच ही मंडळी काठावर जमतात.