महाराष्ट्रातलं लसीकरण मध्येच मागे का पडलं?

घरातल्या साठीपुढच्या माणसांच्या हातावर गोल वण दिसतात. ते देवी टोचल्याचे. तुमच्या डाव्या दंडावरचा वण बहुधा बीसीजीचा, म्हणजे क्षयाविरुद्धच्या लसीचा. देवीचे वण नव्या पिढीच्या हातावर दिसत नाहीत, कारण तो रोगच संपला.

पण तो सहज संपला नाही. भारतातलं पहिलं लसीकरण मुंबईत झालं. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. देशातून देवी हटायला मात्र १९७५ साल उजाडलं. लस हाताशी होती. ती सगळ्यांपर्यंत पोचवण्यात पावणेदोनशे वर्षं गेली.

१९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. १९९५ मध्ये पल्स पोलिओ आला, २०११ च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. यावरून वाटेल की आलेख चढताच राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले हे आकडे पाहा. एक ते दोन वर्षं वयाच्या शंभर मुलांपैकी इतक्यांचं लसीकरण पूर्ण होतं:

१९९२-९३ : महाराष्ट्र ६४, भारत ३५
१९९८-९९ : महाराष्ट्र ७८, भारत ४२
२००५-०६ : महाराष्ट्र ५९, भारत ४४
२०१५-१६ : महाराष्ट्र ५६, भारत ६२
२०१९-२१ : महाराष्ट्र ७४, भारत ७६

बघितलंत? आपण देशाच्या कितीतरी पुढे होतो. मग घसरलो आणि देश पुढे गेला.

लोकांनी लस नाकारली म्हणून हे झालं का? २००५-०६ चे तपशील वेगळं सांगतात. बीसीजी सुमारे ९५ टक्के बाळांना मिळालं होतं, त्रिगुणीचा तिसरा डोस मात्र सुमारे ७६ टक्क्यांनाच. म्हणजे पहिली लस झाली, पुढचे डोस राहिले. बाळंतपण दवाखान्यात झालं की पहिली टोचणी तिथेच होते. नंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी आईला मजुरी बुडवून यावं लागतं. पहिल्या डोसानंतर ताप आला असेल तर घरचेही म्हणतात, ‘आता राहू दे.’

निरगुडसर परिसरात हे समजायला लांब जायला नको. पारगावचा भीमाशंकर साखर कारखाना सुरू झाला की ऊसतोड कुटुंबं येतात, उन्हाळ्यात परततात. बाळाचा एक डोस गावाकडे, दुसरा इथल्या कोपीवर, तिसरा बहुतेकदा राहतो. असं मूल दोन्हीकडच्या यादीतून निसटू शकतं.

गोवर नेमका अशी मुलं शोधतो. संरक्षण नसलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. त्याला थोपवायला दोन्ही डोस घेतलेली मुलं ९५ टक्के लागतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, मुलं दगावली.

म्हणून आज बाळाचं लसीकरण कार्ड काढून रकाने तपासा. एखादा डोस राहिला असेल तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. राहिलेल्या ठिकाणापासून पुढे चालू करता येतं. गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर सरकारी दवाखान्यात पाच वर्षांपर्यंत मिळते. तुमच्या शेतावर तोडीची टोळी आली असेल, तर तिथल्या लहान मुलांची खबर आशाताईंना द्या. राज्याचा आकडा अशाच मुलांमुळे वर-खाली होतो.