कसई (रानजोंधळा): आयत्या भोकाच्या मण्यांचे गवत

वैजयंती माळेचे पांढरे-करडे मणी आपण जत्रेत पाहिले असतील. ते कसई या गवताचे दाणे आहेत. शास्त्रीय नाव कॉइक्स लॅक्रिमा-जोबी. हे मक्याच्या कुळातले, पाने व ठेवण मक्यासारखी, उंची साधारण १ ते २ मीटर. मणी म्हणजे मादी फुलावरचे कठीण कवच असते. नर तुरा या कवचाच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर येतो. दाणा पक्व झाल्यावर देठ व तुऱ्याचा अवशेष ओढून काढला की आरपार भोक मिळते. सुई सहज जाते.

कनेरगाव नाका भागातील काळ्या जमिनीत हे गवत चांगले येते. सोयाबीन जिथे चिबडून पिवळे पडते, तिथेही ते तग धरते. तरीही ओढ्याच्या किंवा पैनगंगेच्या काठाला लावू नका. दाणे गळून पाण्याबरोबर वाहतात आणि खालच्या शेतात तण होऊन उगवतात. परसबागेत, न्हाणीच्या सांडपाण्यावर दहा-वीस झाडे पुरेत.

कवच टणक असल्याने बी २४ तास पाण्यात भिजवावे. जूनमध्ये चांगली ओल झाल्यावर २ ते ३ सेंमी खोल, ४५ सेंमी अंतरावर टोकावे. उगवण एक-दोन आठवड्यांत होते. रोप लहान असताना मक्यासारखेच दिसते, म्हणून खुरपणाऱ्या बायांना जागा दाखवून ठेवा. शेणखत पुरते. खोडकिडीवर मात्र लक्ष ठेवा.

दाणे एकदम पिकत नाहीत. ऑक्टोबरपासून हिरवा रंग जाऊन करडा, तपकिरी झाला की दर चार-पाच दिवसांनी वेचा. हिरवे तोडलेले मणी सुकल्यावर सुरकुततात.

खाण्याची कसई वेगळी. ईशान्य भारतात पातळ कवचाचे वाण धान्य म्हणून पेरतात; मण्यांचे वाण दळायला गेलात तर जाते हरेल! कर्दळीलाही काही ठिकाणी वैजयंती म्हणतात, त्यामुळे बी मागवताना दाणा पाहून घ्या. गुंजेच्या बिया या माळेत मिसळू नका, त्या विषारी असतात.

या पिकाला हमीभाव नाही. "माल परत घेऊ" असे सांगून कुणी एकराचे महागडे बियाणे देऊ लागला, तर खरेदीदाराचे नाव, दर व मुदत लेखी मागा. माझ्या मते सोयाबीन-तुरीचे रान यासाठी मोडू नये. पुढच्या वर्षीसाठी मूठभर भरदार दाणे देठासह सावलीत वाळवून ठेवा.