छोट्या रेल्वेचा साडेसोळा मिलिमीटरचा पेच

रेल्वेच्या प्रतिकृती घडविणारे हौशी एकत्र आले की ‘इंजिन कोणते घेतले?’ यापेक्षा ‘लेआउट कुठवर आला?’ अशीच विचारपूस अधिक होते. प्लायवूडवर आधी रूळ, मग वायरिंग, शेवटी डोंगर, झाडे, स्थानक. काम वर्षानुवर्षे चालते आणि ‘पूर्ण झाला’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

भारतीय हौशींची खरी अडचण रुळांपासूनच सुरू होते. जगभर रूढ असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात गाडी मूळच्या १/८७ आकाराची आणि रुळांतील अंतर १६.५ मि.मी. असते. हे माप युरोप-अमेरिकेतील १,४३५ मि.मी. गेजवरून आले. आपला ब्रॉडगेज मात्र १,६७६ मि.मी.चा, हिशेबाने अंतर सव्वाएकोणीस मि.मी. हवे. असे तयार रूळ बाजारात सहजी मिळत नाहीत. त्यामुळे ‘दख्खनची राणी’ हुबेहूब साकारली, तरी ती बहुधा परक्या मापाच्या रुळांवरच धावते. डबा अचूक, चाके मात्र आत सरकलेली!

ब्रिटनमधील ‘ओओ’ प्रमाणातही (१:७६.२) रूळ १६.५ मि.मी.चेच, म्हणजे अरुंदच आहेत. तेथील काही काटेकोर हौशी १८.८३ मि.मी. अंतराचे रूळ स्वतः जोडतात. त्यासाठी प्रत्येक इंजिनाची चाके बदलावी लागतात. इतका खटाटोप करण्यापेक्षा अरुंद रूळ चालवून घेणारेच अधिक.