अंतर मोजणारी दुर्बीण आणि कोयोटी

कोयोटी हा उत्तर अमेरिकेतला प्राणी, आपल्या कोल्ह्याचा जवळचा नातेवाईक. (उर्दूत ज्याला गीदड म्हणतात तो कोल्हा. आपण शाळेत खोकडालाही सर्रास कोल्हा म्हणून मोकळे होतो, पण तो वेगळा विषय.) 1804 साली लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला तो दिसला, तेव्हा त्यांनी त्याला 'माळावरचा लांडगा' म्हटले. पुढे तिथल्या मेंढपाळांशी त्याचे वैर जुळले आणि बंदुका त्याच्यावर रोखल्या गेल्या.

शिकाऱ्याची खरी अडचण अंतराची होती. उघड्या माळावर ना झाड, ना घर; डोळ्याचा अंदाज हमखास फसतो. गोळी सरळ जाते हा आपला गैरसमज, ती सुटल्यापासून खाली येत असते. कोयोटीसाठी वापरतात ती हलकी रायफल 200 यार्डांवर नेमकी बसवली, तर 300 यार्डांवर गोळी सात-आठ इंच खाली जाते आणि 400 वर दोन फुटांच्या आसपास. कोयोटीची छाती जेमतेम नऊ-दहा इंचांची. म्हणजे अंदाज शंभर यार्डांनी चुकला की नेमही चुकला, किंवा त्याहून वाईट म्हणजे जनावर जखमी होऊन पळाले.

1960 च्या दशकात रेडफिल्ड कंपनीच्या दुर्बिणीने यावर एक तोड काढली. भिंगात दोन आडव्या रेघा. जनावराची छाती त्या रेघांमध्ये बरोबर मावेपर्यंत कडे फिरवायचे आणि आत दिसणारा अंतराचा आकडा वाचायचा. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन मरीन नेमबाजांच्या रायफलींवरही याच कंपनीची दुर्बीण होती. मात्र मोजपट्टी हरणाच्या 18 इंची छातीवर बेतलेली. कोयोटी त्याच्या निम्मा, म्हणून आलेला आकडाही निम्मा करायचा. त्यात हिवाळ्यातली दाट फर! छाती आहे त्याहून मोठी दिसणार आणि हिशेब पुन्हा बिघडणार.

1960 मध्येच थिओडोर माइमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला होता. काही वर्षांतच लष्कराने तो अंतर मोजायला घेतला आणि बऱ्याच उशिराने तो शिकाऱ्यांच्या दुर्बिणीत आला. प्रकाशाचा ठोका जनावरावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, एवढेच त्यात मोजतात. 300 मीटरसाठी सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त दोन. छातीचा आकार, फर, कशाचाच प्रश्न उरला नाही.

मग कोयोटी संपला का? त्याला संपवायला दुर्बिणीच्या कितीतरी आधी सरकारच उतरले होते. 1931 च्या कायद्याने त्याच्या संहाराला सरकारी पैसा मिळाला. सापळे, विष, विमानातून गोळीबार, सगळे झाले. 1972 मध्ये निक्सन यांनी सरकारी जमिनींवर विषाला बंदी घातली. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. तिथे सरकारी खाते अलीकडेही वर्षाला पन्नास हजारांहून अधिक कोयोटी मारते.

एवढे होऊनही तो पसरला. माणसाने लांडगे जवळजवळ संपवले आणि त्यांची मोकळी जागा कोयोटीने घेतली. माळ आणि वाळवंटातला हा प्राणी आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे, दक्षिणेला पनामापर्यंत पोहोचला आहे. 2007 मध्ये शिकागोत एक कोयोटी भर दिवसा सँडविचच्या दुकानात शिरला आणि थंड पेयांच्या कपाटात जाऊन बसला.